वेशभूषा, व्हिडिओ गेमप्रेरित

व्हिडिओ गेममधील पात्रांच्या पोशाखांपासून स्फूर्ती घेऊन रंगमंच, चित्रपट, स्पर्धा किंवा बाजारासाठी कपडे बेतण्याची कला. पोशाखाची हुबेहूब प्रतिकृती करणे हा तिचा अधिक परिचित प्रकार. आकार, रंगांची मांडणी, कपड्यांचे थर आणि हालचाल यांचा अभ्यास करून नवा कपडा रचणे हा दुसरा. वेशभूषाकाराला शिकण्यासारखे दुसऱ्यात जास्त असल्याने या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

बाह्यरेषा : गेमच्या पडद्यावर पात्र लहान दिसते, सतत हलते आणि खेळणाऱ्याला ते क्षणात ओळखावे लागते. म्हणून पोशाखाचा पहिला विचार बाह्यरेषेचा असतो. ‘डाँकी काँग’ (१९८१) या गेमसाठी शिगेरू मियामोतो यांनी रेखाटलेला आणि पुढे मारिओ या नावाने प्रसिद्ध झालेला नायक १६ × १६ ठिपक्यांच्या चौकटीत बसवायचा होता. एवढ्याशा जागेत केस नीट काढता येईनात म्हणून टोपी आली, नाक उठून दिसावे म्हणून मिशी आली आणि हातांची हालचाल धडावर कळावी म्हणून शर्टावर वेगळ्या रंगाची डंगरी आली. या विचाराची सर्वांत पद्धतशीर मांडणी ‘टीम फोर्ट्रेस २’ (२००७) या गेममध्ये आढळते. त्यातील नऊ पात्रे नुसत्या काळ्या सावलीवरून ओळखू यावीत, अशी त्यांची अंगयष्टी व कपडे ठरवण्यात आले. अमेरिकन चित्रकार जे. सी. लायनडेकर यांच्या चित्रशैलीचा त्यासाठी आधार घेतला. पोशाखाचे रंग पायाकडे गडद आणि छातीकडे उजळ होत जातात, त्यामुळे नजर आपोआप हातातल्या शस्त्रावर जाते. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून पाहणाऱ्या प्रेक्षकासाठी पोशाख बेतताना ही तत्त्वे जशीच्या तशी वापरता येतात. गेममधील वेशभूषा फॅशनच्या रॅम्पपेक्षा रंगमंचाला जवळची आहे, असे म्हणण्यास यामुळे आधार मिळतो.

पाठ : ‘टूम रेडर’ (१९९६) पासून रूढ झालेल्या त्रिमितीय साहसी गेममध्ये कॅमेरा पात्राच्या मागे असतो. खेळणारा तासन्‌तास पात्राची पाठ पाहतो. फॅशनच्या छायाचित्रात कपड्याच्या पुढच्या बाजूला असलेले महत्त्व येथे पाठीला मिळते. ‘असॅसिन्स क्रीड’ (२००७) मधील चोचीसारखी टोकदार टोपडी आणि मागे झुलणारे झग्याचे पदर ही त्याची ठळक उदाहरणे. ‘जर्नी’ (२०१२) मध्ये तर गळपट्टाच खेळाची माहिती देतो. तो जितका लांब, तितके जास्त वेळ उडता येते. या गेममधील प्रवासी नायकाचा बाह्या नसलेला, खाली रुंदावत जाणारा झगा कापडात उतरवायचा असेल, तर सरळ चुण्यांऐवजी कळ्यांचा घेर घेणे योग्य. चुण्यांनी कमरेभोवती फुगवटा येतो आणि त्रिकोणी बाह्यरेषा बिघडते.

कापडाचे वर्तन : गेममधील बहुतेक कपडे शरीराच्या सांगाड्याला जोडलेले असतात आणि त्याच्याबरोबर वळतात. झगा, पदर, दोऱ्या असे सुटे भाग तेवढे स्वतंत्र गणिताने हलवले जातात, कारण पूर्ण पोशाखाचे गणित दर क्षणी करणे यंत्राला जड जाते. चित्रात शोभणारा कपडा अंगावर आल्यावर फसतो, त्याचे एक कारण येथे आहे. पडद्यावरच्या कपड्याला वजन नसते, बगलेत काच नसतो आणि बसताना शिवण ताणत नाही. ‘फायनल फँटसी १०’ (२००१) मध्ये तेत्सुया नोमुरा यांनी रेखाटलेल्या ल्यूलू या पात्राच्या घागऱ्याची पुढची बाजू बक्कलदार पट्ट्यांनी भरलेली आहे. असा घागरा खऱ्या चामड्यात केल्यास सारा भार कमरेवर येतो. पट्टे हलक्या कृत्रिम चामड्याचे करून भक्कम अस्तरावर शिवणे आणि अस्तर आतल्या चोळीला जोडून भार खांद्यांवर नेणे, हा उपाय चालतो.

थर : ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ (२०१८) या चेक गेमचे कथानक १४०३ मधील बोहेमियात घडते. त्यात नायकाला आधी भरीव गादीचा अंगरखा, त्यावर कड्यांचे जाळीदार चिलखत, त्यावर पत्र्याचे चिलखत असे क्रमाने चढवता येते. कपडे मळतात, रक्ताने माखतात आणि त्यांवरून समोरची माणसे नायकाशी बरे-वाईट वागतात. ऐतिहासिक नाटकाच्या वेशभूषेत आतला थर खर्च वाचवण्यासाठी बहुधा गाळला जातो आणि मग वरचे चिलखत खांद्यावर बसत नाही. तो थर का हवा, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे साधन नवशिक्या वेशभूषाकाराला सहज मिळत नाही.

संगणकीय बेतकाम : दक्षिण कोरियातील एकाच कंपनीने फॅशन उद्योगासाठी ‘क्लो’ आणि गेम व ॲनिमेशनसाठी ‘मार्व्हलस डिझायनर’ या प्रणाली तयार केल्या आहेत. दोन्हींत कपड्याचे सपाट तुकडे आखून, कडा जोडून, तो आभासी शरीरावर चढवतात. त्यामुळे गेमच्या कलाकाराला कटिंग शिकावे लागले, हा या क्षेत्रातील सर्वांत मोलाचा बदल होय. ‘मेटल गियर सॉलिड ५’ (२०१५) मध्ये या पद्धतीचा वापर झाला. ‘डेथ स्ट्रँडिंग’ (२०१९) च्या वेळी ॲक्रोनिम या बर्लिनच्या कंपनीने त्या गेमशी निगडित जाकीट प्रत्यक्ष विक्रीस आणले. तुकडे शिवून कपडा उभा करणाऱ्या या प्रणालींत नेसायचे वस्त्र बसवणे मात्र कष्टाचे आहे. नऊवारी लुगड्याच्या निऱ्या आणि काष्टा यांना शिवण नसते. प्रत्येक घडी हाताने घालून स्थिर करावी लागते.

प्रतिकृती : ‘द विचर ३’ (२०१५) च्या निर्मात्यांनी पात्रांच्या पोशाखांची चित्रे सर्व बाजूंनी व तपशिलांसह चाहत्यांसाठी प्रसिद्ध केली. अशा प्रतिकृतींतील चिलखतासाठी ईव्हीए फोम व उष्णतेने वळणारे प्लास्टिक वापरतात.

फॅशनगृहे : लुई व्हिताँने २०१६ च्या वसंत-ग्रीष्म जाहिरातींत ‘फायनल फँटसी १३’ मधील लाइटनिंग हिला मॉडेल केले. त्याआधी २०१२ मध्ये प्राडाचे पुरुषांचे कपडे याच मालिकेतील पात्रांवर एका नियतकालिकात झळकले होते. मोस्किनोने २०१९ मध्ये ‘द सिम्स’वर आधारित कपडे काढले. बॅलेन्सियागाने डिसेंबर २०२० मध्ये आपला संग्रह गेमच्या रूपातच सादर केला. यांतील बहुतेक उपक्रमांचा हेतू प्रसिद्धीचा होता. बेतकामात त्यांनी फारशी भर घातलेली दिसत नाही.

चित्रपट : ‘लारा क्रॉफ्ट : टूम रेडर’ (२००१) ची वेशभूषा लिंडी हेमिंग यांची.

भारत : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) ची नायिका सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे. या गेमच्या दृश्यरचनेवर पहाडी चित्रशैलीचा आणि राजस्थानी वास्तूंचा प्रभाव आहे. पात्रांचे पोशाख करून येणाऱ्या चाहत्यांना कॉमिक कॉन या मेळाव्याच्या रूपाने दिल्लीत २०११ पासून व्यासपीठ मिळाले, पुढे मुंबईतही.

स्त्रीपात्रांच्या तोकड्या चिलखतांविषयी आणि प्रतिकृतींवरील स्वामित्वहक्काविषयी मतभेद आहेत.