हवेची तहान

मे महिन्यातली दुपार. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावर तुम्ही उभे आहात. पारा 43 अंशांवर. कपाळावर घाम फुटतो न फुटतो तोच वाळतो, मागे उरते मिठाची खरखर. ही कोरडी हवा तुमच्या अंगातलं पाणी ओढून घेते आहे. तेवढं ध्यानात ठेवा आणि सुमारे पाच कोटी वर्षं मागे चला.

हिमालय अजून नीट उभा राहिलेला नाही. उत्तरेकडे सरकणारी आपली भूमी विषुववृत्ताच्या आसपास आहे. इथून वायव्येला, आज जिथे सुरत जिल्ह्यातली वस्तानची कोळशाची खाण आहे, तिथल्या रानात शिरा. वर पाहिलंत तर आभाळ दिसत नाही. खोडावरून राळ ओघळते आहे आणि त्यात एक मधमाशी अडकली आहे, पाय झाडते आहे. (तिच्यासारखे कितीतरी कीटक त्या खाणीतल्या अंबरात सापडले आहेत.) उकाडा इथेही आहे, पण घाम वाळत नाही. सदरा अंगाला चिकटून बसलाय. हवा वाफेनं काठोकाठ भरलेली, तिला आणखी पाणी नकोच आहे.

झाडाचं पाणी पिणं बरंचसं या हवेच्या तहानेवर ठरतं. पानावरच्या बारीक रंध्रांतून वाफ बाहेर पडते, तसं मुळांकडून पाणी वर खेचलं जातं. सदाहरित जंगल वर्षाकाठी साधारण 1000 ते 1400 मिलिमीटर पाणी वाफेच्या रूपात आभाळाला परत करतं. सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात पडतो त्या पावसाच्या जवळपास दुप्पट!

आता झपाट्यानं पुढे या. सह्याद्री पावसाळी ढग अडवतोय, त्याच्या पूर्वेला पर्जन्यछाया पडलीय, पठार कोरडं होत गेलंय, आणि सदाहरित रान घाटमाथ्याला बिलगून उरलंय. बाराव्या शतकात थांबा. सोलापुरात सिद्धरामेश्वर तोच तलाव खोदून घेताहेत. तुम्ही मात्र भीमेच्या उगमाशी, भीमाशंकरला, आषाढात पोचला आहात.

धुकं इतकं दाट की हाताच्या अंतरावरचं अंजनीचं खोडही पुसट दिसतं. खोडावर शेवाळ, पानाच्या टोकाशी थेंब, तो पडला की लगेच दुसरा. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एवढं पाणी पायाशी असूनही अंजनी, जांभूळ, पिसा जेमतेम पितात. ऊन नाही, पान ओलं, हवा तुडुंब. वाफ जाणार कुठे? म्हणून पाणी वाहतं आणि मुरतं. पंढरपूरला चंद्रभागा दुथडी भरते ती याच दिवसांत. पावसानं उघडीप दिली, ऊन पडलं, की हेच रान भराभर वाफ सोडू लागतं. सह्याद्रीच्या जंगलांतली वाफ वाऱ्याबरोबर पूर्वेला जाऊन तमिळनाडूत पाऊस होऊन पडते, असं आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं.

भीमाशंकरला आता माघ लागला आहे. कित्येक आठवडे पावसाचा थेंब नाही, तरी झाडं हिरवीगार. ऊन आहे, हवा कोरडी आहे, आणि मुळांना आषाढात मुरलेलं पाणी सापडतं आहे. खरं पिणं आत्ता चाललंय. इथून एका दमात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उतरा. इथली ज्वारीही जमिनीतल्या ओलीवरच दाणा भरते आहे. जिथे ओल तुटली तिथे भर दुपारी तिची पानं कडेनं आत वळलेली दिसतील. एक पान बोटांनी उलगडून पाहा. सोडलंत की पुन्हा वळतं. घाटमाथ्यावरचं झाड पान वळवत नाही, रंध्रं मिटून घेतं. नाहीतर खोडातली पाण्याची अखंड धार हवेचा बुडबुडा शिरून तुटेल. पण रंध्रं मिटली की कर्बवायूही आत येत नाही. पाणी वाचतं, झाड उपाशी राहतं.

आता आजच्या मार्चमध्ये परत या, पण सोलापूरला नको, भीमाशंकरलाच. भारताचं सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात सुमारे 0.7 अंशानं वाढलं. एका अंशाला हवेत मावणारी वाफ साधारण 7 टक्क्यांनी वाढते, म्हणजे हवेची तहानही वाढते. सुरुवातीला झाड जास्त पितं. पुढे तहान परवडेनाशी झाली की दिवसातला जास्त वेळ रंध्रं मिटून बसतं. मोठ्या झाडांची मुळं खोल आहेत. या ताणात आधी वाळतात ती बोटभर उंचीची रोपं.

खोडात दोन बारीक सुया बसवून, एकीला ऊब देऊन, झाडातून किती पाणी वर चढतं हे मोजता येतं. जगातल्या कित्येक वर्षावनांत असं मोजलं जातं. उजनी धरणात किती टीएमसी पाणी उरलं हे सोलापूरकर उन्हाळाभर रोज वाचतात. त्या आकड्याशेजारी भीमाशंकरची अंजनी काल किती पाणी प्यायली, हाही आकडा मला छापलेला हवा आहे.