बारा दिवसांचा विद्यार्थी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून "तुम्हाला ट्रेनिंगला पाठवतोय" असं सांगितलं, तेव्हा शेवटची परीक्षा देऊन मला वीस वर्षं झाली होती. गोष्ट १९८४ ची. मी सांगलीकडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. कोर्स साठा-नियंत्रणाचा, बारा दिवसांचा, ठिकाण पिंपरी-चिंचवड. "डोक्यावर बुरशी चढलीय, ती निघेल," असं साहेब म्हणाले.

"अहो, घरात साबुदाण्याचा डबा सापडत नाही तुम्हाला, तिथं कसला साठा सांभाळणार?" असं म्हणत हिने पिशवीत शेंगदाण्याची चटणी भरली.

बुरशीचं म्हणाल तर साहेबांनी जागा अचूक निवडली होती. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. ते बुरशीपासूनच निघतं! मग १९६२ साली एमआयडीसी आली, मागोमाग टेल्कोसारखे कारखाने आले. १९८२ साली तर इथं महानगरपालिकाच झाली. म्हणजे मी गेलो तेव्हा शहराचं वय दोन वर्षं आणि माझं बेचाळीस. तरी शिकायला मीच आलो होतो.

रविवारी सुट्टी. एसटीनं चाकणला गेलो. आज तिथं मोटारींच्या कारखान्यांची रांग आहे. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. तेव्हा मात्र चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि पडका भुईकोट. याच किल्ल्यापुढं १६६० साली शाइस्तेखान तळ देऊन बसला होता. पदरी अफाट फौज, आत फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर माणसं. तरी खानाला जवळजवळ दोन महिने लागले. शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा कुठं किल्ला मिळाला. घरापासून लांब येऊन केलेला या भागातला हा बहुधा सगळ्यात महाग कोर्स! त्याची परीक्षा झाली १६६३ च्या एप्रिलमध्ये, पुण्याच्या लाल महालात. निकाल बोटांवर मोजावा म्हटलं, तर खानाची बोटंच पुरी उरली नव्हती.

माझा कोर्स त्यामानानं सुखाचा. सरांनी मालाचे अ, ब, क असे वर्ग शिकवले. अ वर्गात नग थोडे पण किंमत मोठी, त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. क वर्गात नग ढीगभर पण किंमत किरकोळ, त्यात फार वेळ घालवायचा नाही. मला एकदम पटलं.

मेसमध्ये वाढायला एक म्हातारे मामा होते. एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाले, "सायेब, तुम्ही बसता न्हवं त्या वर्गात, तितं आमची बाजरी असायची." जमीन कारखानदारीसाठी गेली होती. एकरी काय मिळालं तेही त्यांनी सांगितलं. सवयीनं मी मनात वर्ग पाडला. क. "पोरगा आयटीआय झाला, टर्नर हाय. त्येवढं बरं झालं," असं म्हणून त्यांनी आणखी अर्धी भाकरी वाढली. ती मला उतरेना.

सर्टिफिकेट घेऊन घरी आलो आणि हुरुपानं स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. केशर, वेलदोडे अ वर्गात. मीठ क वर्गात, माळ्यावर. संध्याकाळी आमटी अळणी.

"मीठ माळ्यावर आहे," मी म्हणालो.

"मग आज केशर घालून जेवा," ही म्हणाली.

रात्री वही चाळली. स्वस्त असली तरी जिच्यावाचून काम अडतं अशा वस्तूचा वर्ग निराळा मानतात, हे अकराव्या दिवशी जेवणानंतरच्या तासाला शिकवलं होतं. वहीत त्या तासाला नुसता मथळा होता, आणि खाली पेंगताना ओढली गेलेली लांबलचक रेघ. मी माळ्यावरून मिठाचा डबा खाली काढला. मामांची बाजरी मात्र कुठल्या फळीवर ठेवायची ते अजून ठरलेलं नाही.