‘आपल्याकडे चालेल का?’

‘मामू, आपल्याकडे चालेल ना हा?’ माझ्या भाच्याने विचारलं होतं. साल २००३. दोन ईदींची ईदी साठवून त्याने मोटारींच्या शर्यतीचा एक गेम घ्यायचं ठरवलं होतं आणि मी कामासाठी मुंबईला निघालो होतो. ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मी तो घेतला. खोक्यावरचं चित्र पाहिलं, किंमत पाहिली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काही ओळी होत्या, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. घरी आलो, सीडी घातली, पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत सरकली आणि पडदा काळा झाला. तो काळाच राहिला. पुढच्या खेपेला दुकानदार म्हणाला, ‘फोडलेला माल परत घेत नाही. ३२ एमबीचं व्हिडिओ कार्ड लागतं, मागे लिहिलंय की.’

खरंच लिहिलं होतं. आमच्या संगणकात वेगळं व्हिडिओ कार्ड नव्हतं. वृत्तात न बसणाऱ्या ओळी रोज खोडणाऱ्या माणसाला खोक्यामागच्या पाच ओळी वाचाव्याशा वाटल्या नाहीत, याची मला आजही लाज वाटते. पण त्या ओळी तिथे आल्या कशा, याचं कुतूहल मात्र तेव्हापासून लागलं. तो इतिहास मोठा गमतीचा आहे.

गंमत अशी की सुरुवातीला प्रश्न उलटा होता. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ तयार केला. दोन अवकाशयानं एकमेकांवर मारा करतात, मध्ये एक तारा त्यांना ओढून घेत असतो. यंत्राची किंमत सव्वा लाख डॉलरच्या घरात, म्हणजे खेळ ‘विकत’ घेण्याचा प्रश्नच नव्हता. हा खेळ यंत्राच्या जवळजवळ सगळ्या भागांना कामाला लावी. म्हणून यंत्र बनवणाऱ्या डीईसी कंपनीची माणसं यंत्र ठीक चाललंय की नाही हे तपासायला हाच खेळ चालवून पाहू लागली. म्हणजे तेव्हा खेळ यंत्राची परीक्षा घ्यायचा.

वीस वर्षांनी तेच पुन्हा घडलं. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला आणि लगोलग इतर कंपन्यांनी त्याच्यासारखी यंत्रं काढली. सगळेच म्हणत, आमचं यंत्र शंभर टक्के आयबीएमसारखं. खरं-खोटं कसं ओळखायचं? गिऱ्हाइकांनी आणि मासिकवाल्यांनी दोन कसोट्या धरल्या. एक होती हिशेबाची ‘लोटस १-२-३’ ही प्रणाली आणि दुसरा १९८२ साली आलेला विमान उडवण्याचा खेळ, ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’. हा खेळ थेट यंत्राच्या अंतर्भागाशी बोलायचा, त्यामुळे नकलेत जरा फरक असला की अडायचा. विमान उडालं तर पीसी खरा!

पुढे यंत्रं घरोघरी गेली आणि परीक्षा फिरली. आता यंत्राला खेळासाठी पात्र ठरावं लागू लागलं. खोक्यामागच्या ओळी याच काळात रुजल्या. मेमरी किती, पडद्याचं कार्ड कोणतं, फ्लॉपी कोणत्या मापाची. पण त्या ओळी जुळल्या तरी काम भागत नसे. डॉस या प्रणालीत चालू कार्यक्रमासाठी मुख्य जागा फक्त ६४० केबी. त्यातच माऊस, आवाज आणि सीडी यांचे कार्यक्रम ठाण मांडून बसलेले. दोन खोल्यांच्या घरात पाहुणे उतरावेत तसं. मग ज्यांना खेळायचं ते लोक ‘कॉन्फिग’ आणि ‘ऑटोएक्झेक’ या फाइलींतल्या ओळी खोडून एकेका पाहुण्याला बाहेर काढत. काही जण तर खास एका खेळासाठी वेगळी फ्लॉपी बनवून तिच्यावरूनच संगणक सुरू करत. कितीतरी मुलांनी संगणकाचं पोट पहिल्यांदा उघडून पाहिलं ते असं, खेळापायी.

‘चालेल का’ आणि ‘घ्यावा का’ या दोन्ही प्रश्नांना सर्वांत प्रामाणिक उत्तर मिळालं ते १९९३ च्या डिसेंबरात. इड सॉफ्टवेअरने ‘डूम’ हा खेळ काढला आणि त्याचा पहिला भाग फुकट वाटला. कुणीही घ्यावा, खेळावा, फ्लॉपीवर उतरवून मित्राला द्यावा. आवडला तर पैसे पाठवून पुढचे भाग मागवावेत. ‘शेअरवेअर’ म्हणत या पद्धतीला. किमान गरज होती ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी मेमरी. पण गरज वाचायचीही गरज नव्हती. आपल्याच यंत्रावर चालवून पाहायचं आणि मग खिशात हात घालायचा. आपल्याकडे आंबेवाला आधी फोड चाखायला देतो, त्यातलाच प्रकार.

हा साधेपणा फार टिकला नाही. १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि त्यापाठोपाठ ‘डायरेक्टएक्स’ हा दुवा. उद्देश चांगला होता. प्रत्येक खेळाने प्रत्येक कार्डाची वेगळी भाषा शिकू नये, सगळ्यांनी एकाच दुभाष्यामार्फत बोलावं. पण दुभाष्याच्याही आवृत्त्या निघत गेल्या आणि खोक्यावर आणखी एक ओळ वाढली. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं ‘व्हूडू’ कार्ड आलं. ते फक्त त्रिमिती चित्रं काढायचं. साध्या कामासाठी जुनं कार्ड तसंच ठेवून दोन्ही एका वायरीने जोडावी लागत. इथून प्रश्न ‘मेमरी किती’ एवढाच राहिला नाही, ‘कार्ड कोणतं’ हाही झाला. माझ्या भाच्याची ईदी बुडाली ती याच ओळीत.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त बोचरा होता. बहुतेक घरांत असेंबल केलेला संगणक असे आणि पैसे वाचवायला पहिला काट मारला जाई तो व्हिडिओ कार्डावर. चित्राचं काम मदरबोर्डच उरकायचा, तेही मुख्य मेमरीतून उसनवारी करून. संगणक घेतला जायचा ‘मुलाच्या अभ्यासासाठी’. त्यामुळे खेळासाठी कार्ड हवं, हे वडिलांसमोर म्हणायची कुणाची छाती नसे. बाजार म्हणाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस. लॅमिंग्टन हे मुंबईचे एक गव्हर्नर. रस्त्याचं नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं, तरी गिऱ्हाइकाच्या तोंडी जुनंच राहिलं. दुकानात अस्सल खोकं आणि पदपथावर नकली सीडी. नकली सीडी चालली नाही तर दाद कुठे मागणार? पण खरं सांगायचं तर अस्सल घेऊनही मला दाद मिळाली नव्हती. पोरं नकलेकडे का वळत, त्याचं एक कारण तेही असावं.

मग दुकानच घरात आलं. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने ‘स्टीम’ सुरू केलं आणि २००४ च्या नोव्हेंबरात ‘हाफ-लाइफ २’ आला, तेव्हा सीडी विकत आणूनही इंटरनेटवर नोंदणी केल्याशिवाय तो सुरू होईना. त्याच वर्षी आपल्या सरकारच्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या झाली, किमान २५६ केबीपीएस. त्या वेगाने ४ जीबीचा खेळ उतरवायला सुमारे ३५ तास लागतात, तेही मध्ये वीज गेली नाही तर! भारनियमनाच्या त्या वर्षांत हे दुकान आपल्यासाठी नव्हतंच.

२००७ हे वर्ष या गोष्टीतलं टोक म्हणायला हवं. जर्मनीतल्या क्रायटेक कंपनीचा ‘क्रायसिस’ आला आणि भलीभली यंत्रं त्याच्यापुढे धापा टाकू लागली. नवा संगणक कुणी दाखवला की पहिला प्रश्न, ‘यावर क्रायसिस चालतो का?’ स्पेसवॉरच्या वेळचीच गोष्ट पुन्हा, खेळ यंत्राचा परीक्षक. फरक एवढाच की तेव्हा यंत्र बनवणारेच ते तपासून पाहत. आता नापास झालेल्याने नवं यंत्र आणायचं होतं.

आज तपासणी सोपी आहे. विंडोजची कळ आणि आर दाबा, चौकटीत डीएक्सडायग लिहा. प्रोसेसर, मेमरी, डायरेक्टएक्सची आवृत्ती आणि डिस्प्लेच्या पानावर कार्डाचं नाव, सगळं दिसतं. ते दुकानाच्या पानावरच्या ‘मिनिमम’ या रकान्याशी ओळीने ताडून पाहायचं. मिनिमम म्हणजे जेमतेम चालेल, सुखाने खेळायचं तर ‘रेकमेंडेड’ पाहावं. डिस्कवर जागा किती उरलीय तेही. स्टीमवर २०१५ पासून एक सोय आहे. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. माझ्या दुकानदाराने जे नाकारलं ते इतक्या वर्षांनी नियमात आलं. फार स्वस्तात नुसती ‘की’ विकणाऱ्या अनोळखी जागा मात्र टाळाव्यात. ती पुढे रद्द झाली तर पैसेही जातात आणि गेमही.

पण एक ओळ अजून बारीक अक्षरांतच असते. आपण विकत घेतो ते काय? ‘द क्रू’ हा मोटारींचाच खेळ २०१४ साली निघाला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ कुणाच्याच यंत्रावर चालेना. यंत्र पात्र होतं, गिऱ्हाईक प्रामाणिक होतं. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात कायदा लागू झाला की, तुम्ही मालकी नव्हे तर परवाना घेत आहात हे अशा दुकानांनी स्पष्ट सांगावं. २००८ साली पोलंडमधून सुरू झालेलं ‘जीओजी’ हे दुकान मात्र खेळाची पूर्ण फाइल हातात देतं, ती जपून ठेवता येते. शक्य तिथे मी तेच सुचवतो.

गेल्या ईदला भाच्याची मुलगी त्याला विचारत होती, ‘अब्बू, आपल्या लॅपटॉपवर चालेल का हा?’ तो म्हणाला, ‘थांब, आधी वाचू.’ दोघं पडद्याजवळ सरकून एकेक ओळ वाचू लागले. शेवटी तो म्हणाला, ‘नाही चालणार, बेटा.’ ती थोडी हिरमुसली. पण तिची ईदी तिच्या पाकिटातच राहिली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)