वाळू स्वच्छ म्हणजे नेमकी कशी?

संशोधन आराखडा लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज एका फिशटँकपासून सुरुवात करते. आराखड्याशी त्याचा काय संबंध, ते पुढे कळेलच.

मागच्या वर्षी एक मैत्रीण आठवडाभर गावाला गेली आणि तिचा खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक माझ्या भरवशावर सोडून गेली. तळाशी चार-पाच इंच वाळू होती आणि तिच्यावर तपकिरी थर बसला होता. म्हटलं, ती यायच्या आत चकाचक करून ठेवू. मी हात घालून वाळू तळापर्यंत ढवळली. खालून काळी वाळू वर आली, सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे मेलेले होते.

मी सगळ्यांना सांगत सुटले की वाळूतल्या विषारी वायूने मासे मेले. माझ्या गाइडनी शांतपणे विचारलं, "कशावरून? पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला असेल तर? मोजला होतास?" नव्हता मोजला. मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "आणि वाळू स्वच्छ म्हणजे नेमकी कशी?" याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधता शोधता मी एकोणिसाव्या शतकात जाऊन पोचले.

1850 साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोड्या पाण्यातला आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. मासे आणि वनस्पती एकमेकांना सांभाळून घेतील असा त्यांचा हिशोब होता. पण वनस्पतीची जुनी पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. वॉरिंग्टननी त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका भाग खाल्ला आणि पाणी निवळलं. म्हणजे सफाईचं काम त्यांनी एका जिवाकडे सोपवलं. पण डोळ्यांना न दिसणारी घाण, म्हणजे माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणारा अमोनिया, त्याचं काय होतं?

याचं उत्तर फिशटँकवाल्यांकडून आलं नाही, सांडपाण्याच्या अभ्यासातून आलं. 1877 साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडीची पूड भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिलं. सुरुवातीला अमोनिया तसाच बाहेर पडत होता. साधारण वीस दिवसांनी मात्र त्याचं नायट्रेट व्हायला लागलं. आता विचार करा, ही क्रिया निव्वळ रासायनिक असती तर वीस दिवस थांबायचं कारण काय? त्यांना शंका आली की वाळूत काहीतरी जिवंत वाढतंय. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म काढून टाकला, तरी ती आपोआप सुरू होईना. मातीचं धुवण घातलं, तेव्हा काही दिवसांनी ती परत सुरू झाली.

हा प्रयोग वहीत लिहून ठेवा. आधी शंका, मग कारण काढून घेऊन बघणं, मग तेच कारण परत घालून बघणं. माझ्या विषारी वायूच्या सिद्धान्तात यातली शंकेची पहिलीच पायरी होती, आणि मी तिलाच निष्कर्ष म्हणत होते.

पुढची गंमत अशी की वॉरिंग्टन यांचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्टच, इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे हीच क्रिया वर्षानुवर्षं अभ्यासत होता. हे काम दोन वेगळे जिवाणू दोन टप्प्यांत करतात, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट, इथपर्यंत तो पोचला. पण जिवाणू वेगळे काढणं त्याला जमलं नाही. ते 1890 साली विनोग्राडस्कींनी केलं. नेहमीच्या जिलेटिनवर हे जिवाणू वाढत नाहीत हे ओळखून त्यांनी सेंद्रिय पदार्थ नसलेलं माध्यम वापरलं. प्रश्न तोच, पद्धत बदलली.

म्हणजे जिला आपण घाण समजून उपसतो, ती वाळू खरं तर कामाला जुंपलेली असते. वरच्या थरात ऑक्सिजन असतो, तिथे नायट्रेट तयार होतं. खाली ऑक्सिजन संपतो, तिथे दुसरे जिवाणू नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात. फ्रान्सच्या ज्याँ जोबेर यांनी 1980 च्या दशकात नेमका याचाच उपयोग केला. त्यांनी वाळूखाली जाळी ठेवून पाण्याची एक पोकळी सोडली. ही पद्धत गाजली, आणि पोकळी हवी की नको यावर हौशी लोकांत वर्षानुवर्षं वाद झडले. ज्याचा टँक चांगला चालला, तो आपलीच पद्धत खरी म्हणायचा.

2005 साली रॉबर्ट टूनन आणि ख्रिस्तोफर वी यांनी हा वाद प्रयोगाला लावला. खोल वाळू आणि उथळ वाळू, जाड आणि बारीक, पोकळीसह आणि पोकळीशिवाय, असे टँक शेजारी शेजारी मांडून तुलना केली. पोकळी असण्या-नसण्याने पाणी शुद्ध होण्यात लक्षणीय फरक पडला नाही. यावरून जोबेरांची पद्धत चालत नव्हती असं मात्र म्हणू नका. ती चालत होती, पण श्रेय पोकळीला द्यायला आधार नव्हता. या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळला, त्याचा निम्मा आराखडा झाला समजा.

आता आपल्या कामाचं बोलू. तुमच्या शीर्षकात "प्रभावी", "विकास", "जागृती" असे शब्द असतील, तर ते माझ्या "स्वच्छ" सारखेच आहेत. ते कशाने मोजणार, हे एका वाक्यात लिहून बघा. मग तुमच्या निष्कर्षाला दुसरं कोणतं कारण असू शकतं, ते लिहा. आणि ते कारण बाजूला काढायला काय कराल, तेही लिहा. तोंडी परीक्षेत विचारतील म्हणून नव्हे, चुकीच्या कारणावर तीन-चार वर्षं जाऊ नयेत म्हणून.

मैत्रिणीच्या टँकचं म्हणाल, तर आता आम्ही खोल वाळूला हात लावत नाही. पाणी बदलताना वरवरचा गाळ तेवढा नळीने ओढून घेतो, तोही एका वेळी थोड्याच भागातला. बाकीचं काम वाळूतल्या गोगलगायी आणि किडे करतात. आणि टँकशेजारी एक वही ठेवली आहे. कधी काय केलं आणि त्या दिवशी पाण्यात काय मोजलं, ते त्यात लिहितो. ते दोन मासे कशाने मेले, हे मला आता कधीच सांगता येणार नाही. वही तेव्हा असती, तर कदाचित आलं असतं.