अंगणाची बखर

मराठी माणसाने अंगणावर जेवढं गहिवरून लिहिलं आहे तेवढं घराच्या दुसऱ्या कुठल्याही भागावर लिहिलेलं नाही. चांदणं पडतं ते अंगणात, रांगोळी निघते ती अंगणात, मुलगी सासरी जाताना मागे वळून बघते तेही अंगणाकडेच. माजघराकडे वळून बघितलेली मुलगी माझ्या तरी वाचनात नाही. पण त्या अंगणाखाली मुरूम होता की खडी, उतार कुठल्या बाजूला होता आणि पावसाचं पाणी शेवटी कोणाच्या दारात जात होतं, असं विचारा की सगळे लेखक चूप. अशी हिशेबाची कामं शेवटी आमच्यासारख्यांकडेच येतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि धंद्याने बँकेतला कारकून. इतिहासाशी संबंध शाळेत सनावळ्या घोकण्यापुरता, आणि पुढे थकबाकीदारांच्या फायलींपुरता.

हा विषय अंगावर घ्यायचं कारण असं, की गावाबाहेर एक गुंठ्यावर घर झालं. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यात घर, जिना, टाकी आणि मोटारसायकल बसवल्यावर पुढच्या बाजूला दहा बाय वीसचा तुकडा उरला. या दोनशे चौरस फुटांवरून आमच्या घरात जे झालं ते पानिपताच्या आदल्या रात्रीसुद्धा छावणीत झालं नसेल. सौभाग्यवतींना सगळीकडे कोबा हवा होता, म्हणजे झाडून-पुसून मोकळं. मुलाला पेव्हर ब्लॉक हवे होते, कारण मित्राकडे होते. आईला मातीच हवी होती. आर्किटेक्चर शिकणारा भाचा एक नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, आधी हार्डस्केप ठरव, मग सॉफ्टस्केप." मला वाटलं आइस्क्रीमचे प्रकार असतील. पण नाही. फरशी, ओटा, पायरी, कट्टा, हौद, भिंत, म्हणजे अंगणातलं जे जे पायाला लागतं ते हार्डस्केप. आणि जे पाणी मागतं ते सॉफ्टस्केप. आपल्या पूर्वजांनी हे सगळं नाव न ठेवताच करून टाकलं होतं. मग ते नेमकं काय करत होते ते बघावं म्हणून मी लायब्ररीचं कार्ड काढलं.

सुरुवात मोहेंजोदडोपासून करतो. इतिहासाची सुरुवात तिथून केली की वजन येतं. १९२२ पासून तिथे उत्खनन सुरू झालं, आणि सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली. घराच्या मध्ये चौक, भोवती खोल्या, न्हाणीची जमीन विटांची, तिला उतार, आणि पाणी थेट गल्लीतल्या झाकलेल्या गटारात. विटांचं माप एक, दोन, चार या प्रमाणात. उंचीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. आमच्या वीटभट्टीवाल्याच्या एकाच ट्रकमध्ये तीन मापांच्या विटा आल्या तेव्हा मला त्या लोकांबद्दल विलक्षण आदर वाटू लागला. तिथलं ते प्रसिद्ध स्नानकुंड गळू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर दिलेला आहे. आमच्या गच्चीला जो वॉटरप्रूफिंगवाला आला होता त्याने पाच वर्षांची गॅरंटी दिली होती, ती पहिल्याच मृगात वाहून गेली.

त्यानंतर कौटिल्य. या माणसाबद्दल मला आधी भीती होती, आता जिव्हाळा आहे. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घराच्या जागेचे नियम आहेत. शेजाऱ्याच्या भिंतीपासून तीन पावलं अंतर सोडून, पाणी सरळ वाहून जाईल किंवा धार पडेल अशी उताराची मोरी काढावी. न काढल्यास दंड ५४ पण. पन्नास नाही, पंचावन्न नाही. चोपन्न! हा आकडा वाचला आणि हा आपल्याच खात्यातला माणूस आहे हे मी ओळखलं. दोन हजार वर्षांमागेही शेजाऱ्याचं पाणी आपल्या दारात येणं हा राजाने लक्ष घालण्याचा विषय होता, हे वाचून आमच्या शेजाऱ्यांशी बोलताना माझा आवाज जरा चढला. पण त्यांनी अर्थशास्त्र वाचलेलं नसल्यामुळे फार उपयोग झाला नाही.

महाराष्ट्रात यायचं तर पहिलं पक्कं अंगण राजवाड्यातलं नव्हे, शेतातलं. खळं! सुगीच्या आधी जमीन खणायची, पाणी मारायचं, चोपायची, शेणाने सारवायची, मधोमध तिवडा रोवायचा आणि त्याभोवती बैल फिरवायचे. जमीन अशी टणक की दाण्यात खडा येता कामा नये. कोकणात तर घरापुढच्या अंगणालाच खळं म्हणतात. पाऊस संपला की दरवर्षी ते नव्याने करायचं, चोपण्याने बडवायचं, वर मांडव घालायचा; आणि पाऊस आला की मांडव उतरवून अंगण पावसाला देऊन टाकायचं. म्हणजे अंगण ही स्थावर मालमत्ता नव्हतीच. ते दरसाल नूतनीकरण करायचं खातं होतं. नूतनीकरण कोण करायचं? बायका. शेणाने भरलेले हात आणि मोडलेली कंबर या दोन गोष्टी अंगणाच्या कवितेत कुठे दिसत नाहीत. आईने वयाच्या अकराव्या वर्षापासून सारवलं आहे. तिला मातीचं अंगण हवं म्हणताना मी एकदा विचारलं, "सारवणार कोण?" ती म्हणाली, "सारवायला कोण सांगतंय? नुसती असू दे की." या उत्तरावर मी बरेच दिवस विचार करत होतो.

कोकणाच्या दगडाची हकिकत मोठी मजेची आहे. फ्रान्सिस बुकानन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर मलबारात हिंडत होता. तिथे लोक जमिनीतून दगड असा कापत होते जसा आपण खरवस कापतो. खोदताना मऊ, हवा लागली की कडक. (आमच्या शाखेत बदलून येणाऱ्या प्रत्येक मॅनेजरचं असंच असतं.) १८०७ साली त्याने विटेच्या लॅटिन शब्दावरून या दगडाला 'लॅटेराइट' नाव दिलं. आपण त्याला आधीपासून जांभा म्हणत होतो, पण आपण ते छापलं नाही. याच जांभ्याचे चिरे, त्याचेच गडगे, त्याच्याच पाखाड्या. जांभ्याला भोकं असतात, त्यामुळे पाणी साचून राहत नाही, आणि पाय घसरला तरी जरा विचार करून घसरतो.

घाटावर आलं की काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. त्याला इंग्रजीत 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतला, जिन्यावरून आलेला. सह्याद्रीच्या कड्यांकडे बघितलं की जिना आठवतो खरा, फक्त त्याला कठडा नाही. या दगडात पेशवाईतले वाडे उभे राहिले. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. खर्च १६,११० रुपये. त्या वरच्या दहा रुपयांसाठी मी पेशव्यांच्या कारकुनाला मुजरा करतो. उभा किल्ला बांधून खर्चात 'सुमारे' हा शब्द नाही! लाकूड जुन्नरचं, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा. पुढे तिथे हजारी कारंजं झालं, त्याच्या तोट्या मात्र हजारापेक्षा बऱ्याच कमी. हे नाव ठेवणारा हिशेबखात्यातला नसावा.

वाड्याचा चौक नीट बघितलाय कधी? भोवतालच्या सोप्यापेक्षा तो खाली असतो. चारी बाजूंच्या छपरांच्या पागोळ्या त्यात पडतात, घडीव दगडाच्या फरसबंदीवरून पाणी एका कोपऱ्याकडे सरकतं आणि मोरीतून बाहेर. उतार एवढा बेताचा की डोळ्याला दिसत नाही, पाण्याला बरोबर दिसतो. मधे वृंदावन, कडेला हौद, कपडे धुवायची धोंड, एखादी दगडी डोणी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने पुण्यात पाणी आलं. काळा हौद, नाना हौद अशा हौदांवर पेठा पाणी भरू लागल्या. पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर पाणी का चढत नाही यावर तीन सर्वसाधारण सभा झाल्या आहेत.

या सगळ्याला धरून ठेवणारा चुना. घाणीत बैल फिरवून मळलेला, त्यात गूळ, बेलफळाचा गर. गडावर गेलात तर घाणीचं दगडी चाक अजून पडलेलं दिसतं. चुना हवेतला कार्बन वायू घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला घाई चालत नाही. घाई झाली ती १८२४ साली. जोसेफ ॲस्पडिन नावाच्या लीड्सच्या गवंड्याने एका पावडरीचं पेटंट घेतलं आणि पोर्टलँडच्या दगडासारखी दिसते म्हणून तिला पोर्टलँड सिमेंट म्हटलं. हे पाण्याने घट्ट होतं. तेव्हापासून गवंडी "उद्या चाला त्यावरून" असं म्हणू लागले.

मग आगगाडी. १८७१ साली मुंबईचा लोहमार्ग रायचूरला मद्रासच्या मार्गाला मिळाला, आणि वाटेत होतं शहाबाद. तिथल्या चुनखडीच्या दगडाचे थर वहीच्या पानांसारखे सुटतात. करवत लावायच्या आधीच निम्मी फरशी निसर्गाने कापून ठेवलेली. आगगाडीने ती फरशी आपल्याकडे आणली आणि महाराष्ट्रातल्या मोऱ्या, ओटे, जिने, कट्टे एका रंगाचे झाले. शहाबादी फरशीचा गुण म्हणजे ती मिरवत नाही. दोष एकच, आंबट सोसत नाही. लिंबू सांडलं की डाग, ॲसिड ओतलं की फेस. चुनखडीच ती, करणार काय?

पेव्हर ब्लॉक हे सगळ्यांत धाकटं भावंड. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्ये त्यांचा प्रसार झाला. तिथली जमीन भुसभुशीत, रस्ता खचायचा. ब्लॉक काढा, खाली रेती भरा, परत बसवा. उकरून पुन्हा बसवण्याची सोय हाच त्याचा मोठा गुण! आपल्या नगरपालिकांनी तो गुण हेरला आणि त्यातला पहिला अर्धा भाग मनापासून अमलात आणला. भारतीय मानक २००६ साली निघालं. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाला दिल्लीपुरता आदेश काढावा लागला की झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर जागेतलं काँक्रीट काढा. म्हणजे तोवर लोकांनी झाडाच्या गळ्यापर्यंत फरशी घातली होती.

आता आमचे दोनशे चौरस फूट. एक इंच पाऊस पडला की त्यावर सुमारे ४७० लिटर पाणी पडतं. पुण्याकडचा पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटर धरला तर तेरा हजार लिटर. सगळा कोबा केला तर हे तेरा हजार आपण गटारात जमा करणार आणि मेमध्ये तेवढंच पाणी टँकरने विकत घेणार. जमाखर्चाच्या वहीत अशी नोंद केली असती तर ऑडिटरने मला उभं केलं असतं. हे मी सौभाग्यवतींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि चिखल?" हा मुद्दा कौटिल्यालाही टाळता आला नसता.

आणि चिखलाचा प्रश्न नुसता चिखलाचा नव्हता. गेल्या श्रावणात आई पागोळीखालच्या शेवाळावर घसरली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ती पायरीशी आली की थांबते. भिंतीला हात लावते, एकदा खाली बघते, आणि बहुतेक वेळा परत फिरते. पारिजातक तिने लावलेला, फाटकाच्या बाजूला. त्याची फुलं हल्ली नातू वेचतो आणि निम्मी तुडवतो. माती हवी म्हणणारी तीच, आणि मातीवर पाय टाकायला घाबरणारीही तीच. भाच्याच्या नकाशात रंगीत पेन्सिलीने सगळं होतं, ही गोष्ट नव्हती.

शेवटी ठरलं ते असं. पायरीपासून वृंदावनापर्यंत आणि तिथून पारिजातकापर्यंत तीन फुटी वाट, शहाबादीची, पण घासलेली नव्हे, खरबरीत. खाली मुरूम ठोकून, वर रेती; सांधे सिमेंटने न भरता मोकळे. दर चार फुटाला पाऊण इंच उतार, तोही शेजाऱ्याच्या भिंतीकडे नाही, आमच्याच खड्ड्याकडे. खड्ड्यात खडी, म्हणजे पाणी जमिनीतच मुरेल. झाडाभोवती हातभर नव्हे, पुरती तीन फूट माती. बाकी जागा नुसती. सौभाग्यवतींनी वाट रुंद करून चार फूट मागितली, साडेतीनवर तडजोड झाली. मुलाला मोटारसायकलच्या चाकांखाली आठ पेव्हर ब्लॉक मंजूर झाले. मिस्त्रींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, पुस्तकं राहू द्या, उतार मी नळीच्या पाण्याने काढतो." प्लॅस्टिकची नळी, तिच्यात पाणी, दोन टोकांना दोन माणसं. तीन मिनिटांत निघाला.

राहिला कट्टा. वाटेच्या टोकाशी, झाडाखाली आईला बसायला. भाचा म्हणे, मानक उंची पंधरा इंच. मिस्त्रींनी तिथेच विटा रचल्या आणि म्हणाले, "बसा आजी." आई भिंत धरून तिथवर आली, पाच विटांवर बसली, उठायला लागली तर गुडघा कुरकुरला. "आणखी एक घाला," ती म्हणाली. सहा विटा झाल्या. आई बसली, हात न टेकता उठली, परत बसली. मिस्त्रींनी भाच्याकडे न बघता त्याच उंचीला सुतळी बांधली.