कादंबरी थांबते तेव्हा : व्हर्जिनिया वुल्फ, सप्टेंबर १९२०

'प्रभाव' हा शब्द आपल्याकडील वाङ्मयेतिहासात फार सैलपणे वापरला जातो. दोन कृतींतील साम्यस्थळे दाखवली आणि प्रकाशनाची वर्षे मागेपुढे असल्याचे सिद्ध केले, की एकाने दुसऱ्याकडून घेतले असे म्हणायला अभ्यासक मोकळा होतो. बा. सी. मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस' (१९४२) या कादंबरीच्या संदर्भात जेम्स जॉइस आणि व्हर्जिनिया वुल्फ ही नावे आपण एका दमात घेतो व दोघांनाही 'संज्ञाप्रवाहा'च्या खात्यावर जमा करतो. या दोन नावांच्या शेजाराचा त्यांपैकी एकीला मात्र किती जाच झाला होता, हे तिच्या रोजनिशीत नोंदलेले आहे. ही रोजनिशी अंशतः १९५३ मध्ये आणि विस्ताराने १९७७ ते १९८४ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्यातील सप्टेंबर १९२० मधील एका आठवड्याच्या आधारे 'प्रभाव' या संकल्पनेचा पुनर्विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम लेखनाचा क्रम पाहू. ऑक्टोबर १९१९ मध्ये वुल्फची 'नाइट अँड डे' ही परंपरागत बांधणीची कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढच्याच महिन्यात कॅथरिन मॅन्सफील्डने 'अथेनियम'मध्ये तिचे परीक्षण केले. महायुद्धानंतरच्या जगात हा जुन्या घाटाचा ग्रंथ कसा अवतरला, असा त्या परीक्षणाचा सूर होता. मॅन्सफील्ड ही वुल्फची मैत्रीण होती आणि जिच्याशी स्पर्धा करावी असे वाटावे अशी समकालीन लेखिकाही होती. त्यामुळे तो सूर जिव्हारी लागणे स्वाभाविक होते. २६ जानेवारी १९२० रोजी, अडतिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, नव्या कादंबरीचा नवा घाट सापडल्याची नोंद वुल्फने केली. आपल्या तीन छोट्या गद्यकृतींची रीत एकत्र आणून एका गोष्टीतून दुसरी उमलत जावी, अशी ती कल्पना होती. या घाटातला धोकाही तिने तेथेच नोंदवला आहे. तो धोका म्हणजे लेखकाचा मीपणा. जॉइस आणि डोरोथी रिचर्ड्सन यांच्या लेखनाची त्यानेच हानी केली, असे तिचे मत होते. म्हणजे 'जेकब्ज रूम'चा पहिला शब्द लिहिण्यापूर्वीच जॉइस तेथे हजर आहे. पण आदर्श म्हणून नव्हे, तर न ओलांडायच्या कुंपणासारखा.

जॉइसशी तिचा परिचय ऐकीव नव्हता. एप्रिल १९१८ मध्ये हॅरिएट वीव्हर 'युलिसिस'च्या हस्तलिखिताचा भाग घेऊन वुल्फ दांपत्याकडे आली होती. हातछपाईच्या लहानशा होगार्थ प्रेसला एवढा ग्रंथ पेलणारा नव्हता, आणि तो छापायला दुसरा मुद्रकही राजी होईना. पुढच्या वर्षी समकालीन कादंबरीवरील लेखात वुल्फने जॉइसची दखल आदराने, पण हातचे राखून घेतली.

एप्रिल १९२० मध्ये लेखन सुरू झाले. उन्हाळ्यात ससेक्समधील रॉडमेल या खेड्यातल्या 'मंक्स हाउस'मध्ये सलग दोन महिने ते वेगाने चालले. सप्टेंबरच्या १८ व १९ तारखांना टी. एस. एलियट तेथे मुक्कामास आला. होगार्थ प्रेसने आदल्या वर्षीच त्याच्या कविता छापल्या होत्या. तेव्हा ही भेट जशी स्नेह्यांची, तशीच प्रकाशिका आणि कवी यांचीही होती. बोलण्यात 'युलिसिस' निघाले. एका दिवसाच्या अवधीत माणसाचे अंतरंग उभे करण्याच्या जॉइसच्या सामर्थ्याची एलियटने मनापासून वाखाणणी केली. २६ सप्टेंबरच्या नोंदीत वुल्फ कबूल करते की, आपण दाखवले त्याहून ही भेट आपल्याला अधिक लागली. 'जेकब' थांबला आहे, आणि तोही जिच्या लेखनात ती रमली होती त्या मेजवानीच्या प्रसंगाच्या मध्यावर. आपण जे करू पाहतो तेच जॉइस कदाचित अधिक चांगले करीत असेल, ही शंका तिला ग्रासते.

येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. एलियट तिच्या लेखनाविषयी वाईट बोलला नव्हता. तो काहीच बोलला नव्हता. लेखनाला खीळ बसली ती टीकेने नव्हे, तर दुसऱ्याच्या स्तुतीने आणि स्वतःविषयीच्या मौनाने. शिवाय त्याच दिवशीच्या नोंदीत आर्नल्ड बेनेटच्या स्त्रीविषयक मतांना उत्तर देण्याचा तिचा विचार दिसतो. ऑक्टोबरात तर 'न्यू स्टेट्समन'मध्ये, स्त्रियांच्या बौद्धिक कुवतीबद्दल, डेस्मंड मॅकार्थी या आपल्याच मंडळातील मित्राशी तिचा जाहीर वाद झाला. या दोन गोष्टी रोजनिशीत शेजारी याव्यात हा योगायोग मानणे कठीण आहे. विद्यापीठाची पदवी न घेतलेल्या लेखिकेला त्या विद्वान मंडळात आपली जागा रोज नव्याने सिद्ध करावी लागत होती.

परंतु मित्रमंडळाला केवळ अडसर ठरवणे हाही एकांगीपणा होईल. १९२१ च्या वसंतात तिच्या 'मंडे ऑर ट्यूज्डे' या कथासंग्रहाची थंड दखल घेतली गेली आणि त्याच वेळी लिटन स्ट्रेचीच्या 'क्वीन व्हिक्टोरिया'चा गौरव होऊ लागला. 'जेकब' पुन्हा अडला. मग त्याच स्ट्रेचीला आपली एक कथा अतिशय आवडल्याचे कळताच तिचे मन पुन्हा उभारी धरते. त्या उन्हाळ्यातले दोन महिने आजारपणात गेले, तरी ४ नोव्हेंबर १९२१ रोजी कादंबरी पूर्ण झाली. २७ ऑक्टोबर १९२२ रोजी ती होगार्थ प्रेसतर्फे निघाली. पहिल्या दोन कादंबऱ्या तिच्या सावत्र भावाच्या प्रकाशनसंस्थेने काढल्या होत्या. ही स्वतःच्या छापखान्यातर्फे निघालेली तिची पहिली कादंबरी.

आता कृतीकडे वळू. जेकब फ्लँडर्स आपल्याला मुख्यतः बाहेरून दिसतो : इतरांच्या नजरेतून, पत्रांतून, त्याच्या खोलीतून, आणि अखेरीस आईच्या हातातल्या त्याच्या रिकाम्या बुटांतून. जॉइसची थोरवी ज्या अंतरंगचित्रणात सांगितली गेली, तेच येथे बव्हंशी नाकारले आहे. हा नकार एलियटच्या भेटीतून जन्मला असे म्हणता येणार नाही, कारण घाटाची कल्पना जानेवारीतली आहे. मात्र त्या भेटीने तिला आपण नेमके काय करीत आहोत हे स्वतःला विचारायला भाग पाडले आणि आधीच्या निवडीची कसोटी पाहिली, एवढे निश्चित म्हणता येते. प्रभाव केवळ स्वीकारातूनच नव्हे, तर खंडातून आणि नकारातूनही कार्य करतो.

लेखकांचे परस्परसंबंध आपण बहुधा आठवणींच्या सदरात टाकतो आणि समीक्षेला त्यांचा विटाळ होऊ देत नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या निवडक पत्रांचे खंड आज उपलब्ध आहेत. पण त्यांचा उपयोग बव्हंशी व्यक्तिमत्त्वाच्या कुतूहलापुरता होतो. कोणते लेखन कोणत्या भेटीनंतर थांबले, कोणत्या पत्रानंतर पुन्हा सुरू झाले, हा प्रश्न घेऊन ती पत्रे तारीखवार वाचली, तर मराठी कथा-कादंबरीच्या इतिहासातील 'प्रभावा'ची काही प्रकरणे आपल्याला नव्याने लिहावी लागतील.