घाटाखालचा प्रदेश आणि आपण



कंधार गांवाजवळ एक जुना, विस्तीर्ण तलाव आहे. त्यास जगत्तुंग सागर असें म्हणतात. राष्ट्रकूट राजांच्या काळच्या या जलाशयास आपल्या पूर्वजांनीं सागराचें नांव दिलें, याचें मला लहानपणीं मोठें नवल वाटे. कारण खरा सागर आमच्यापासून शेंकडों मैल दूर, आणि तो डोळ्यांनीं पाहिलेला मनुष्य आमच्या गांवांत विरळा. पुढें मी लातूरकडे शाळामास्तर झालों. फळ्यावर कोंकणपट्टीचा नकाशा काढून पुष्कळ वर्षें मीं मुलांकडून बंदरांचीं नांवें पाठ करून घेतलीं. एके दिवशीं एका मुलानें विचारलें, "गुरुजी, आपण समुद्र पाहिला आहे काय?" मला 'नाहीं' म्हणावें लागलें. त्याच वर्षीं दिवाळीच्या सुटींत मी प्रथम घाट उतरलों. आज जें सांगणार आहें तें त्या मुलास द्यावयाच्या उत्तराचा राहिलेला भाग होय.

नांदेड-लातूरकडील पुष्कळ कुटुंबें आतां कोंकणच्या प्रवासास निघतात. नारळीपोफळीच्या बागा, वाळूचे किनारे, सोलकढी आणि भात यांचें वर्णन करणारे अनेक आहेत. त्यांत मी भर घालीत नाहीं. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, आपण तेथें जातों तें अगदींच परके म्हणून जात नाहीं. या नात्याचे दाखले कागदावर आहेत तसे दगडावरहि कोरलेले आहेत.

पहिला दाखला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वींचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अज्ञात ग्रीक लेखकानें 'पेरिप्लस' नांवाचें सागरी व्यापाराचें पुस्तक लिहिलें. त्यांत पैठण व तगर या दोन नगरांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आपलें तेर, संत गोरा कुंभारांचें गांव. तेथून साधें कापड व मलमल गाड्यांत भरून भडोच बंदरास जात असे. कोंकणांतील कल्याण हें पूर्वीं खुलें बंदर होतें. परंतु पुढें तेथें अडथळे आले आणि चुकून आलेलीं ग्रीक जहाजेंसुद्धां पहाऱ्यांत भडोचला नेलीं जात, असें हाच लेखक सांगतो. राजकारणामुळें बंदर बंद पडावें आणि त्याची झळ दूरच्या विणकराच्या मागास लागावी, हा अनुभव आजकालचाच नव्हे!

तेरच्या संग्रहालयांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति आहे. तिच्याशीं साम्य असलेली मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें सांपडली. पाँपेई शहर सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें, म्हणजे ती मूर्ति त्यापूर्वींच समुद्र ओलांडून गेली होती. कोंकणास निघण्यापूर्वीं प्रवाशानें एक दिवस तेरला द्यावा, असें मी आग्रहानें सांगतों.

घाटावरचा माल खालीं उतरे तो नाणेघाटासारख्या वाटांनीं. जुन्नरजवळच्या या घाटांत सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि वाटेवर रांजणासारखें एक मोठें दगडी पात्र आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत असत, अशी समजूत आहे. पैठणहून कल्याण-सोपाऱ्याकडे जाणारे तांडे याच वाटेनें उतरत.

दुसरा दाखला मला सर्वांत मोलाचा वाटतो. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष हा आपणांस 'लत्तलूरपुरवराधीश्वर', म्हणजे श्रेष्ठ अशा लत्तलूर नगरीचा स्वामी, म्हणवीत असे. लत्तलूर म्हणजे आपलें लातूर, असें बहुतेक विद्वान मानतात. या राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून कोंकणावर शिलाहार राज्य करीत. आणि त्या शिलाहारांची बिरुदावली होती 'तगरपुरवराधीश्वर'. समुद्रकांठीं राज्य करणारे राजे आपलें मूळ सांगतांना तेरचें नांव घेत, आणि त्यांचे सार्वभौम लातूरचें! मुंबईजवळ कान्हेरीच्या लेण्यांत शके ७६५, म्हणजे इसवी सन ८४३ च्या सुमाराचा, शिलाहार पुल्लशक्तीचा लेख आहे. त्यांत अमोघवर्षाचें नांव आहे. लातूरच्या मनुष्यानें तो दगड पाहावा. अक्षरें वाचतां आलीं नाहींत तरी चालेल.

सन ९१५-१६ च्या सुमारास मसूदी नांवाचा अरब प्रवासी चौल बंदरीं आला. तेथें त्यानें परदेशी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती पाहिली, आणि बंदरावरील राजाचें नांव झंझ असें ऐकलें. हा झंझ शिलाहारच होय. पुढें बहामनी राज्याची राजधानी बीदर झाली, तेव्हां चौल आणि दाभोळ हीं तिचीं दारें बनलीं. अरबी घोडे तेथूनच वर येत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफानासी निकितीन हा रशियन प्रवासी विकावयाचा एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरवरून बीदरास पोंचला. बीदर म्हणजे आपल्या उदगीरची शेजारीण. तेथें १४७२ सालीं ज्यानें मदरसा बांधला, त्या महमूद गवानानेंच त्याच सुमारास कोंकणांत मोहीम करून गोवें जिंकलें होतें.

मग हें नातें तुटलें कोठें? सोळाव्या शतकांत समुद्रावर पोर्तुगीजांचा अंमल बसला आणि पूर्वींचा व्यापार त्यांच्या परवान्याखालीं गेला. पुढें आपला प्रदेश हैदराबादच्या निजामाकडे राहिला, आणि त्या राज्यास स्वतःचें एकहि बंदर नव्हतें. १९४८ सालीं आपण त्या राज्यांतून मुक्त झालों, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आलों, आणि १९६० सालीं महाराष्ट्र झाला. समुद्र आपल्या राज्याच्या नकाशांत पुन्हां आला तो येणेंप्रमाणें. परंतु नकाशांत येणें निराळें आणि मनांत येणें निराळें.

आतां पाण्याविषयीं. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीस १० वाघिणी होत्या आणि प्रत्येकींत सुमारें ५० हजार लिटर पाणी होतें. ती गाडी पाहावयास मीहि उभा होतों. मिरजेचें तें पाणी कृष्णेचें, आणि कृष्णा निघते सह्याद्रींत, महाबळेश्वरीं. नांदेडची गोदावरीहि त्याच सह्याद्रीची, त्र्यंबकेश्वरीं उगम पावलेली. पश्चिमेचा समुद्र तिच्या उगमास जवळ. तरी ती पाठ फिरवून सारें दख्खन ओलांडते आणि पूर्वसमुद्रास मिळते. ज्या समुद्राचे ढग सह्याद्रीस अडून बरसतात, त्याच्याच कृपेवर आपल्या नद्या जगतात.

आपणांकडे वर्षास तीस-पस्तीस इंच पाऊस, तर कोंकणांत शंभरांहून अधिक. म्हणून कोंकण पाण्यानें तृप्त असेल, अशी समजूत करून घेऊं नये. तेथील जांभा दगड सच्छिद्र, नद्या आंखूड आणि उताराच्या. पाणी पाहतां पाहतां समुद्रास मिळतें. चैत्र-वैशाखांत कित्येक वाड्यांतील बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात. लातूरच्या गृहिणीस हें दृश्य समजावून सांगावें लागणार नाहीं. यजमानाच्या घरीं आंघोळीचें पाणी जपून वापरणें, हा आपल्या प्रवासाचा पहिला शिष्टाचार असावा.

प्रवास कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत करावा. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो. कोळी बांधवहि नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्यावरच होड्या लोटतात. १९९८ पासून कोंकण रेल्वे सुरू आहे, ती सोयीची खरी; परंतु एक वेळ तरी कुंभार्ली किंवा आंबा घाटानें दिवसाउजेडीं उतरावें. काळी माती संपून तांबडी केव्हां लागते, ज्वारी जाऊन भात केव्हां येतो, हें मुलांस खिडकींतून दाखवावें. कान्हेरी पाहावी, चौल-रेवदंड्याचे ओसाड तट पाहावे, आणि मालवणास होडीनें सिंधुदुर्गावर जावें. १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं तो बांधावयास घेतला. चोहोंकडे खारें पाणी असून आंत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत. राज्य उभारणाऱ्या पुरुषानें तटाइतकीच विहिरीची काळजी घेतली होती, हें आपल्या मुलक्यास विशेष कळेल.

त्या पहिल्या प्रवासाहून परत आल्यावर मीं वर्गांत पुन्हां कोंकणचा नकाशा काढला. या वेळीं मात्र बंदरांपासून आरंभ केला नाहीं. प्रथम लातूर आणि तेर हीं गांवें दाखविलीं, तेथून घाटापर्यंत एक रेघ ओढली, आणि मग ती समुद्रापर्यंत नेली. मुलांस बंदरांचीं नांवें त्या दिवशीं पाठ करावीं लागलीं नाहींत. आपणहि घरून निघतांना ती रेघ मनांत ओढून निघावें, एवढीच माझी विनंति आहे.